खेळाडू डोक्यावर पडते तेव्हा

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमपुस्तिकेतील पाचवे कलम जखमी खेळाडूंविषयी आहे, आणि ते इतके आटोपशीर आहे की पंचपरीक्षेला बसणारे बहुतेक उमेदवार ते एका बैठकीत पाठ करून टाकतात. खेळ चालू असताना एखादी खेळाडू पडली, तर चेंडू ज्या संघाच्या ताब्यात आहे त्या संघाने बास्केटचा प्रयत्न करेपर्यंत किंवा चेंडूवरचा ताबा गमावेपर्यंत पंचाने शिट्टी वाजवायची नसते. मात्र जखमी खेळाडूच्या संरक्षणासाठी आवश्यक वाटल्यास खेळ तत्क्षणी थांबवण्याची मुभा असते. साधारण 15 सेकंदांत ती खेळायला तयार झाली नाही, किंवा तिला उपचार अथवा मदत घ्यावी लागली, तर तिच्या जागी बदली खेळाडू आणावी लागते. रक्त वाहत असेल किंवा उघडी जखम असेल तर नियम अधिक कडक होतो: रक्त थांबून जखम पूर्णपणे झाकली जाईपर्यंत त्या खेळाडूला परत येता येत नाही. म्हणजे कोपराला खरचटून थेंबभर रक्त आले तरी मला खेळाडूला बाहेर काढावेच लागते. पण तिचे डोके जमिनीवर आपटले, रक्ताचा टिपूसही दिसला नाही आणि ती 15 सेकंदांच्या आत उभी राहून कपडे झटकू लागली, तर मी ज्या पुस्तिकेवर परीक्षा दिली तिच्या या कलमातले एकही वाक्य तिला थांबवत नव्हते. तिथे उरतो तो पंचाचा विवेक, आणि त्या विवेकालाही धाप लागलेली असते, कारण पंच तोवर मैदानभर धावून दमलेला असतो.

मी इंदूरमधील एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि बरीच वर्षे जिल्हा व राज्य पातळीवरच्या सामन्यांत पंच म्हणून काम करते. आमच्या शहरात रेसकोर्स रोडवर बास्केटबॉल कॉम्प्लेक्स आहे, परंतु तिथली जागा प्रत्येक स्पर्धेच्या वाट्याला येत नाही; शाळांचे, वसाहतींचे आणि क्लबांचे कितीतरी सामने आजही उघड्यावर, सिमेंटच्या मैदानावर, दिव्यांच्या उजेडात होतात. मैदान 28 मीटर लांब व 15 मीटर रुंद असावे, सीमारेषेबाहेर निदान 2 मीटरपर्यंत कोणताही अडथळा नसावा, बोर्डाच्या खांबाला गादी बांधलेली असावी, एवढ्या गोष्टी आम्ही सामन्यापूर्वी पाहून घेतो. जमीन किती कठीण आहे हे कोणी पाहत नाही, कारण पाहून करण्यासारखे काही नसते. ज्या सामन्याविषयी मी लिहीत आहे तो अशाच एका मैदानावरचा, मुलींच्या 18 वर्षांखालील गटाचा, डिसेंबरमधल्या एका संध्याकाळचा होता. मी मुख्य पंच होते, आणि माझ्याबरोबर वयाने व अनुभवाने मोठे असलेले एक सहकारी होते, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘सर’ म्हणतो.

दोन पंचांनी सामना चालवताना एक जण चढाईच्या पुढे धावून अंतिम रेषेजवळ उभा राहतो, त्याला लीड म्हणतात, आणि दुसरा खेळाच्या मागे राहतो, तो ट्रेल. दहा खेळाडूंवर दोघांनी लक्ष ठेवायचे असते. चेंडू हातातून सुटला की प्रेक्षकांची आणि नवख्या पंचांची नजर चेंडूबरोबर रिंगकडे जाते, आणि जिने तो फेकला ती अजून हवेत असतानाच कोणाच्याही नजरेत नसते. माझ्या पाहण्यात डोक्यावर पडण्याचे बहुतेक प्रसंग नेमक्या त्या अर्ध्या सेकंदात घडले आहेत. नियम याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. उडी मारलेल्या खेळाडूला उडीच्या जागी, किंवा उडीच्या वेळी मोकळ्या असलेल्या दुसऱ्या जागी, उतरण्याचा हक्क आहे. तिचे पाय सुटल्यानंतर प्रतिस्पर्ध्याने तिच्या वाटेत शिरायचे नाही. आणि हवेतल्या खेळाडूच्या खाली शिरून धक्का लागला तर तो सहसा अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा) फाऊल, काही प्रसंगी तर थेट डिसक्वालिफाइंग (खेळाडूला सामन्यातून बाहेर काढणारा) फाऊल धरावा, असे पुस्तिका सांगते. नियम आहे, पण तो लावण्यासाठी आधी तिचे पाय पाहावे लागतात.

नजर कमी पडण्याचा हा प्रश्न आमच्या गावचा नाही. 9 डिसेंबर 1977 रोजी, एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत, लॉस एंजलिस लेकर्स आणि ह्यूस्टन रॉकेट्स यांच्या सामन्यात, खेळ दुसऱ्या टोकाकडे सरकत असताना, मैदानाच्या मध्याजवळ झटापट सुरू झाली. तिकडे धावत आलेल्या रॉकेट्सच्या रुडी टॉमजॅनोविचच्या चेहऱ्यावर लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टनचा ठोसा बसला, चेहऱ्याची व कवटीची हाडे मोडली आणि मेंदूभोवतीचा द्रव पाझरू लागला. त्या काळी एनबीएच्या सामन्याला दोनच पंच असत. पुढच्या, म्हणजे 1978-79 च्या हंगामात तिसरा पंच आला, एका हंगामानंतर तो काढून टाकण्यात आला, आणि 1988-89 पासून तीन पंच कायमचे झाले. आमच्या स्पर्धांमध्ये तिसऱ्या पंचाचे मानधन आणि जेवणाचे पाकीट हिशेबात बसत नाही, हे कारण मी कितीदा तरी ऐकले आहे आणि संयोजकांची ओढाताण पाहता ते अगदीच खोटे आहे असेही म्हणवत नाही.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाहुण्या संघाने चेंडू हिरावला आणि त्यांची 11 क्रमांकाची मुलगी एकटीच बास्केटकडे निघाली. मी लीड असल्याने तिच्या थोडी पुढे, उजवीकडून अंतिम रेषेपर्यंत पोहोचले होते. बचाव करणारी मुलगी तिरकी धावत आली, आणि 11 क्रमांकाचे दोन्ही पाय जमिनीपासून सुटल्यानंतर तिच्या खाली शिरली. तिच्या कमरेला 11 क्रमांकाची मांडी अडकली, शरीर हवेतच मागे कलंडले, आणि हात टेकवायला वेळ न मिळाल्याने डोक्याचा मागचा भाग थेट सिमेंटवर आदळला. चेंडू रिंगमध्ये गेला की नाही, हे मला नंतर गुण व वेळ नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर विचारावे लागले. तो गेला नव्हता.

फाऊलनंतर पंचाने काय करायचे याचे ठरलेले वळण आम्हाला अंगवळणी पडलेले असते: शिट्टी, वर गेलेली मूठ, मग टेबलासमोर जाऊन खेळाडूचा क्रमांक, फाऊलचा प्रकार आणि शिक्षा यांच्या खुणा. मूठ वर गेली, पण टेबलाकडे मी गेले नाही. पडलेल्या मुलीचे दोन्ही हात कोपरात वाकून हवेत ताठ उभे राहिले होते, मुठी आवळलेल्या होत्या आणि डोळे अर्धवट उघडे असूनही ती कुठेच पाहत नव्हती. काही सेकंदांनी हात सैल पडले. डोक्याला जबर हिसका बसल्यावर हात असे ताठरणे ही मेंदूवर आघात झाल्याची खूण आहे, हे मी पंचांच्या एका उजळणी वर्गात चित्रफितीवर पाहिले होते, आणि एकदा पाहिलेली ती अवस्था ओळखायला वेळ लागत नाही.

आमच्या मैदानांवर अशा वेळी काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. सवंगडी धावत येऊन काखेत हात घालून खेळाडूला बसते करतात, कोणी तोंडावर पाण्याचा हबका मारतो, आणि अंग ताठ झालेले दिसले की ‘फिट आली’ असे म्हणून कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल शोधू लागतो. यातले प्रत्येक जण मदतच करत असते, म्हणून त्यांना अडवणे कठीण जाते. मी तिच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले आणि एक हात आडवा धरून, कोणीही तिला स्पर्श करायचा नाही, असे मोठ्याने सांगितले. सरांनी दोन्ही संघांना आपापल्या बाकांकडे पाठवले आणि स्वतः बाक व ती मुलगी यांच्या मध्ये उभे राहिले. डोक्यावर पडलेल्याची मानही दुखावलेली असू शकते, आणि ती दुखावलेली नाही हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत दुखावलेलीच समजायची असते. म्हणून डोके ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत मी दोन्ही तळव्यांमध्ये धरून ठेवले. टाइमकीपरला घड्याळातील उरलेला वेळ आणि प्रत्यक्ष वेळ, दोन्ही कागदावर लिहून ठेवायला सांगितले. मैदानावर डॉक्टर नव्हते. संयोजकांनी नेमलेला एक तरुण फिजिओथेरपिस्ट होता, त्याच्या पेटीत थंड स्प्रे, क्रेप बँडेज, कापूस आणि आयोडेक्स एवढेच सामान होते; पण मुलगा डोके शांत ठेवणारा निघाला, त्याने लगेच 108 ला फोन लावला आणि पत्ता सांगताना जवळच्या चौराह्याची खूण नीट सांगितली.

जखमी खेळाडूंविषयीच्या त्या पाचव्या कलमातील एका तरतुदीचे मोल मला त्या संध्याकाळी समजले. डॉक्टरला जखमी खेळाडूपाशी येण्यासाठी पंचाची परवानगी लागत नाही; प्रशिक्षक आणि संघाच्या इतर मंडळींना मात्र ती लागते. एरवी आम्ही हात हलवून सगळ्यांना आत येऊ देतो. त्या दिवशी मी ती परवानगी फक्त संघाबरोबर आलेल्या व्यवस्थापक बाईंना दिली. एक गृहस्थ प्रेक्षकांतून उतरून आले, आपण मानेची लचक काढण्यात वाकबगार आहोत, दोन मिनिटांत मोकळी करून देतो, असे ते अत्यंत आपुलकीने सांगत होते. त्यांना मी जितक्या नम्रपणे आणि जितक्या ठामपणे दूर ठेवता येईल तितके ठेवले. नियमपुस्तिकेचा आधार नसता तर ते मला जमले असते का, याची मला शंका आहे.

मुलगी शुद्धीवर आली तेव्हा मराठीत बोलू लागली. इंदूरच्या मैदानांवर सगळ्यांचा व्यवहार हिंदीतच चालतो, त्यामुळे ती मराठी घरातली आहे हे मला तेव्हाच कळले. “मी पडले का?” असे तिने विचारले, मी हो म्हटले, हलू नकोस म्हटले. “बास्केट झाली का?” नाही म्हटले. अर्ध्या मिनिटाने पुन्हा, त्याच स्वरात, “मी पडले का?” तोच प्रश्न ती नव्याने विचारत राहिली. माझ्या शिट्टीच्या पाकिटात एक कार्ड असते, वैद्यकीय ज्ञान नसलेल्या माणसाने मेंदूच्या आघाताची (कन्कशनची) शंका कशी ओळखावी हे सांगणारे. 2022 साली ॲमस्टरडॅमला झालेल्या खेळांतील मेंदूआघातविषयक परिषदेनंतर त्याची नवी आवृत्ती निघाली. त्यातले स्मरणाचे प्रश्न मॅडॉक्स या ऑस्ट्रेलियन संशोधकाच्या नावाने ओळखले जातात, कारण त्याने ते 1995 मध्ये तिथल्या फुटबॉलपटूंवर तपासून पाहिले होते: आपण कोणत्या मैदानावर आहोत, सामन्याचा कितवा भाग चालू आहे, शेवटचा गुण कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, तो जिंकलात का. आज वार कोणता, पंतप्रधान कोण, असले प्रश्न डोके आपटलेला खेळाडूही बरोबर सोडवू शकतो. नुकत्याच घडलेल्या गोष्टीच आधी निसटतात. तिला मैदान आठवले, क्वार्टर आठवला नाही, आणि मागच्या सामन्याचे तिने दिलेले उत्तर चुकीचे असल्याचे व्यवस्थापक बाईंनी मान हलवून सांगितले.

खरे तर प्रश्न विचारण्याचीही गरज उरली नव्हती. शुद्ध हरपणे, अंग ताठरणे, वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, दोन-दोन दिसणे, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, मान दुखणे, वाढती बेचैनी, यांपैकी एक जरी दिसले तरी पुढचा विचार रुग्णवाहिकेचा करायचा असतो, आणि इथे दोन आधीच दिसली होती. तिसरे थोड्या वेळाने दिसले. तिला मळमळू लागले, आणि उताण्या माणसाला उलटी झाली तर श्वास अडकण्याचा धोका असतो, म्हणून सर, फिजिओथेरपिस्ट आणि व्यवस्थापक बाई यांनी तिचे खांदे, कंबर व पाय धरले, मी डोके धरून तीन आकडे मोजले आणि तिला एकाच हालचालीत, मान न वळवता, कुशीवर केले. हे आम्ही वर्गात एकमेकांवर करून पाहिले होते, तेव्हा सगळे हसत होते.

तिचे प्रशिक्षक वाईट गृहस्थ नव्हते. दोन संघांतले अंतर चार गुणांच्या आत होते, दोन फ्री थ्रो (बास्केटवर बिनअडथळ्याच्या फेकी) आणि त्यानंतर चेंडूचा ताबा मिळणार होता, आणि संघातील सर्वांत भरवशाची नेमबाज जमिनीवर होती. ती डोळे उघडून बोलते आहे हे दिसताच त्यांनी मला विचारले की पाच-दहा मिनिटे विश्रांती देऊन फ्री थ्रो तिच्याकडूनच घेता येतील का. मी नियम सांगितला: फाऊल झालेली खेळाडू दुखापतीमुळे बाहेर गेली तर तिच्या जागी येणाऱ्या बदली खेळाडूने फ्री थ्रो घ्यायचे असतात. त्यांचे म्हणणे होते की ती अजून बाहेर गेलेली नाही. मी म्हटले, ती गेली आहे, आणि बदली खेळाडूचा क्रमांक टेबलाला द्या. निदान करण्याचा अधिकार मला नव्हता आणि तसा दावाही मी केला नाही; उपचार मिळाले, वेळ उलटून गेला, एवढ्या दोन गोष्टी कलमाप्रमाणे पुरेशा होत्या.

बोलते आहे म्हणजे बरी आहे, हा समज किती जुना आहे आणि त्याची किंमत काय असू शकते, हे एनबीएतील खेळाडू मॉरिस स्टोक्सच्या कथेत आहे. 12 मार्च 1958 रोजी, सिनसिनाटी रॉयल्सच्या हंगामातील शेवटच्या साखळी सामन्यात, बास्केटकडे झेपावताना तो पडला, डोके जमिनीवर आपटले आणि तो बेशुद्ध झाला. त्याला उग्र क्षार हुंगवून शुद्धीवर आणले गेले आणि तो त्याच सामन्यात परत खेळला. तीन दिवसांनी डेट्रॉइटला तो पुढचा सामनाही खेळला. परतीच्या विमानात त्याची प्रकृती बिघडली, झटके आले, तो कोमात गेला आणि शुद्धीवर आला तो शरीर लुळे पडलेल्या अवस्थेत. त्याचा संघसहकारी जॅक ट्वायमन त्याचा कायदेशीर पालक झाला आणि त्याने अखेरपर्यंत त्याचे केले. स्टोक्स 1970 साली, वयाच्या 36 व्या वर्षी गेला. त्या सामन्यातील पंचांनी नियमाबाहेरचे काही केले नव्हते.

रुग्णवाहिका आली, पण मैदानाच्या मागच्या फाटकाला कुलूप होते आणि किल्ली ज्या चौकीदाराकडे होती तो चहाला गेला होता. स्ट्रेचर पुढच्या अरुंद दारातून, खुर्च्यांच्या रांगा सरकवत आणावे लागले. रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्याने मानेला पट्टा बांधला, फळीवर घेतले, आणि मी त्याला जे पाहिले ते क्रमाने सांगितले: किती वाजता पडली, हात कसे ताठरले, साधारण किती वेळ हाकेला ओ दिली नाही, कोणता प्रश्न परत परत विचारते आहे, उलटी केव्हा झाली. त्याने ते कागदावर उतरवून घेतले. पडण्याचा क्षण आणि पहिली काही मिनिटे रुग्णालयातील डॉक्टरांनी पाहिलेली नसतात. ती जवळून पाहिलेला माणूस बहुधा पंचच असतो.

त्यानंतर सामना पुढे चालवायचा होता, आणि खरे अवघड काम तिथे होते. फाऊल कोणता, याची खूण मी अजून टेबलाला दिली नव्हती. तोवर प्रेक्षकांतून बचाव करणाऱ्या मुलीला बाहेर काढा असा ओरडा सुरू झाला होता, आणि स्ट्रेचर गेलेले पाहिल्यावर तो ओरडा न्याय्य वाटणे स्वाभाविक होते. पण पंचाने कृती पाहायची असते, परिणाम पाहायचा नसतो. ती मुलगी उशिरा आली, जागा घेण्याचा प्रयत्न करत आली, तिने ढकलले नाही की पाय ओढला नाही; धक्का धोकादायक होता, हेतू दुष्ट नव्हता. मी अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल दिला. हेच तत्त्व उलट बाजूनेही लागू आहे, आणि तिथे आम्ही अधिक ढिले असतो: तशाच धक्क्यानंतर खेळाडू सुखरूप पायांवर उतरली तर कित्येक पंच साधा फाऊल देऊन मोकळे होतात, जणू ती वाचली म्हणून धोका कमी होता. कोपरांचेही तसेच. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेतल्यावर कोपरे अतिरेकी फिरवणे, कोणाला लागले नाही तरी, तांत्रिक फाऊलला पात्र आहे. पण न लागलेल्या कोपरावर शिट्टी वाजवलेली मी क्वचितच पाहिली आहे. पहिल्या क्वार्टरमध्ये ती वाजली की चौथ्या क्वार्टरमध्ये कोणाचे तरी कपाळ वाचते, हे मात्र मी अनेकदा पाहिले आहे.

बचाव करणारी मुलगी रडत होती आणि तिच्या प्रशिक्षकांनी तिला आपणहून बसवले. दोन्ही प्रशिक्षकांशी बोलून, मुलींना पुन्हा अंग गरम करायला वेळ देऊन, आम्ही सामना पूर्ण केला. नियमांत स्पष्टपणे न सांगितलेल्या बाबींवर निर्णय घेण्याचा अधिकार मुख्य पंचाला असतो, त्या अधिकारात सामना तिथेच थांबवणेही बसले असते. दोन्ही संघांना खेळायचे होते म्हणून मी तसे केले नाही. उरलेला वेळ कोणीही रिंगखाली जोरात गेले नाही.

अहवाल मी त्याच रात्री घरी बसून लिहिला. मेंदूला मार, गंभीर दुखापत, असे शब्द मी त्यात वापरले नाहीत, कारण ते शब्द डॉक्टरांचे आहेत. हाकेला प्रतिसाद नाही, हात कोपरात वाकून ताठ, तोच प्रश्न वारंवार, इतके लिहिले; कोण कुठे उभे होते याचे रेखाचित्र काढले; आणि मला जे दिसले नव्हते, म्हणजे बचाव करणाऱ्या मुलीचा वरचा भाग, तेही दिसले नव्हते असे लिहिले. सरांनी आपला अहवाल वेगळा लिहिला, मला न दाखवता, आणि हीच पद्धत योग्य आहे. दुसऱ्या दिवशी संयोजकांपैकी एकांचा फोन आला. डिसेंबरमध्ये संध्याकाळी दव पडते, सिमेंट ओलसर होते, तेव्हा ‘घसरून पडली’ एवढी भर घातली तर सर्वांचीच सोय होईल, असे त्यांनी सुचवले. सामन्याआधी आणि मध्यंतरात मी बुटाने घासून पाहिलेली जमीन कोरडी होती आणि पडण्याचे कारण अहवालात होते तेच होते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी पुन्हा फोन केला नाही. पुढच्या वर्षी मला त्या स्पर्धेचे बोलावणेही आले नाही, पण त्याला इतर कारणे असू शकतात.

तपासणीत कवटीच्या मागच्या हाडाला बारीक तडा आणि त्याखाली थोडे रक्त साचलेले आढळले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. तिला अतिदक्षता विभागात ठेवून पुन्हा स्कॅन केला, रक्त वाढले नव्हते. तिच्या वडिलांनी मला नंतर सांगितले की तिथल्या डॉक्टरांनी विशेष करून एक गोष्ट समजावली होती: कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असताना काही रुग्ण आधी शुद्धीवर येतात, नीट बोलतात, चालतातही, आणि मग काही वेळाने झपाट्याने खालावतात. माझ्या मनात त्या क्षणी कलमातले 15 सेकंद आले.

काही आठवड्यांनी तिचे वडील मला भेटायला शाळेत आले. “ताई, निवड चाचणी जवळ आली आहे, ती घरात बसून कंटाळली आहे, तुम्ही पंच आहात, तुमच्या सहीने ती खेळायला ठीक आहे असे लिहून द्याल का?” मी तसे लिहून देऊ शकत नाही हे त्यांनाही ठाऊक असावे. मी त्यांना जेवढे माहीत होते तेवढे सांगितले. साध्या मेंदूआघातातही पहिले 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती, मग चालणे, हलका व्यायाम, एकट्याने चेंडूचा सराव, अशा पायऱ्या असतात; प्रत्येक पायरीला निदान 24 तास द्यायचे असतात, त्रास वाढला तर मागे यायचे असते, आणि धक्काबुक्की होईल असा सराव डॉक्टरांच्या परवानगीनंतरच करायचा असतो. हाडाला तडा गेलेल्या मुलीसाठी हे वेळापत्रक लागूच नाही, तिचे वेळापत्रक तिचे न्यूरोसर्जन ठरवतील. आधी शाळेचे पूर्ण दिवस डोके न दुखता निभावू द्या, मग मैदानाचे पाहू, असेही मी म्हटले, शिक्षिका म्हणून. ती चाचणी तिने दिली नाही. वडील नाराज होऊन गेले की पटून गेले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजले नाही.

या प्रकरणानंतर मी स्पर्धा समितीकडे एक लेखी सूचना दिली. अमेरिकेतील शालेय क्रीडा महासंघाने 2010 पासून आपल्या नियमांत घातले आहे की मेंदूआघाताची चिन्हे दिसणाऱ्या खेळाडूला ताबडतोब बाहेर काढावे आणि आरोग्यसेवेतील योग्य व्यक्तीने परवानगी दिल्याशिवाय परत घेऊ नये. माझी सूचना त्याहून सोपी होती: वयोगटांच्या स्पर्धांत, कोणत्याही पंचाला किंवा टेबलावरील अधिकाऱ्याला अशी शंका आली तर खेळाडू त्या दिवशी परत येणार नाही, आणि मागच्या फाटकाची किल्ली सामना चालू असेपर्यंत टेबलावर राहील. किल्लीचा भाग एका मिनिटात मान्य झाला. पहिल्या भागावर प्रशिक्षकांनी हरकत घेतली की पक्षपाती पंच समोरच्या संघाचा चांगला खेळाडू शंकेच्या नावाखाली बसवून ठेवेल. हरकत अगदीच निराधार नाही. पण पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर जातो, म्हणून पक्षपाती पंचाला ते काम पाच फाऊल देऊनही करता येते, आणि त्यासाठी त्याला कोणाच्या डोक्याची वाट पाहावी लागत नाही. अखेर समितीने ‘त्या दिवशी परत येणार नाही’ हे शब्द खोडून ‘डॉक्टरांच्या परवानगीने परत येईल’ असे घातले. मी विचारले की ज्या मैदानावर डॉक्टरच नसतो तिथे ही परवानगी कोण देणार. त्यावर असे ठरले की प्रत्येक स्पर्धेला डॉक्टर असणे बंधनकारक करावे की नाही, याचा विचार आधी व्हावा. तो विचार सध्या चालू आहे; दरम्यान आमच्यापैकी काही पंचांनी सामन्यापूर्वीच्या बैठकीत दोन्ही प्रशिक्षकांना स्पष्ट सांगायला सुरुवात केली आहे की डोके आपटलेली मुलगी आम्ही परत घेणार नाही, आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आमच्याविरुद्ध लेखी तक्रार करावी.